बूट होताना रोज दिसणाऱ्या तीन ओळी

माझ्या घरच्या संगणकावर २०१९ साली डेबियन १० (लिनक्स कार्यप्रणालीचा एक प्रकार) बसवले होते. २०२१ मध्ये त्याचे ११ झाले आणि २०२३ मध्ये १२. घरातली छायाचित्रे, आजोबांच्या वेळच्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन आणि अनेक वर्षांचा पत्रव्यवहार या एकाच यंत्रात असल्यामुळे त्याच्या डिस्कचे आरोग्य हा माझ्यासाठी घरातल्या कागदपत्रांच्या कपाटाइतकाच काळजीचा विषय आहे. असे असूनही बूट होताना पडद्यावरून सरकत जाणाऱ्या तीन ओळींकडे मी दीर्घकाळ दुर्लक्ष केले, कारण संगणक चालू होत होता आणि फाइली उघडत होत्या.

त्या तीन ओळी अशा होत्या. पहिली ईएफआय पार्टिशनबद्दल (संगणक सुरू करणारा प्रोग्राम असलेला डिस्कचा भाग): ‘फॅट-एफएस (एसडीए१): व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड. सम डेटा मे बी करप्ट. प्लीज रन एफएससीके.’ दुसरी बूट पार्टिशनबद्दल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा ठेवलेला भाग): ‘ईएक्सटी४ फाइलसिस्टम बीइंग माउंटेड अ‍ॅट /बूट सपोर्ट्स टाइमस्टँप्स अंटिल २०३८.’ आणि तिसरी माहिती साठवण्याच्या वेगळ्या डिस्कबद्दल: ‘ईएक्सटी४-एफएस (एसडीबी१): वॉर्निंग: माउंटिंग एफएस विथ एरर्स, रनिंग ई२एफएससीके इज रेकमेंडेड.’ माउंट करणे म्हणजे डिस्कचा भाग वापरासाठी जोडणे. ईएक्सटी४ आणि फॅट हे फाइल सिस्टमचे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या रचनेचे, प्रकार आहेत, आणि एफएससीके व ई२एफएससीके ही ती रचना तपासणारी साधने. तिन्ही ओळींचा सूर एकसारखा आहे आणि तिन्ही सारख्याच शांतपणे येऊन जातात, पण त्यांचे अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत. एक जुनी नोंद पुसायची राहिली आहे एवढेच सांगते, दुसरी चौदा वर्षांनंतरच्या अडचणीबद्दल बोलते, आणि तिसरी त्याच आठवड्यात माझी माहिती घेऊन जाण्याच्या बेतात होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आजोबांच्या सातबाऱ्यांचे स्कॅन ठेवलेली डिरेक्टरी उघडायला गेलो तेव्हा ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ असे उत्तर आले. हा कर्नलचा क्रमांक ११७चा एरर आहे. फाइल सिस्टमच्या रचनेत विसंगती आढळली असून त्यापुढे वाचणे सुरक्षित नाही, असा त्याचा अर्थ होतो. तिसऱ्या ओळीचे गांभीर्य मला त्या क्षणी कळले.

ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या मुख्य नोंदीत, फाइल सिस्टमची स्थिती लिहून ठेवते. काम चालू असताना कर्नलला रचनेत चूक सापडली की या स्थितीत चूक असल्याची खूण होते, चुकांची मोजणी एकाने वाढते, आणि पहिली चूक कधी व कोणत्या फंक्शनात सापडली तसेच शेवटची कधी सापडली याच्या नोंदी होतात. संगणक कितीही वेळा नीट बंद करून चालू केला तरी ही खूण राहते, कारण ती डिस्कवर आहे आणि ती पुसण्याचे काम फक्त ‘ई२एफएससीके’चे आहे. शिवाय अशी डिस्क माउंट झाल्यावर सुमारे पाच मिनिटांनी आणि त्यानंतर दर २४ तासांनी कर्नल तीन ओळींचा गोषवारा लॉगमध्ये टाकतो: शेवटच्या तपासणीनंतर किती चुका, पहिली केव्हा, शेवटची केव्हा. ज्यांचा संगणक आठवडेच्या आठवडे चालू असतो त्यांनी ‘डीमेसेज’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेमध्ये ‘एरर काउंट सिन्स लास्ट एफएससीके’ हे शब्द जरूर शोधावेत.

या गोषवाऱ्यातली वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत असते. माझ्याकडे पहिल्या चुकीची वेळ १७२९९४२८१५ अशी होती. ‘डेट’ या आज्ञेला हा आकडा दिल्यावर २६ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळचे ५ वाजून १० मिनिटे असे उत्तर मिळाले. तो शनिवार होता, वसुबारसेच्या दोन दिवस आधीचा, आणि त्या दुपारी मी दिवाळीच्या साफसफाईत संगणकाची कॅबिनेट उघडून आतली धूळ काढली होती. इतक्या नेमक्या पुराव्यानंतर तर्क करण्यासारखे फारसे उरत नाही. धूळ काढताना डिस्क जोडणाऱ्या साटा केबलला धक्का लागला असणार.

तरीही ‘ई२एफएससीके’ लगेच चालवले नाही, आणि हा क्रम कुणीही बदलू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. डिस्क स्वतःच मरणपंथाला लागली असेल किंवा केबल सैल असेल, तर दुरुस्तीच्या नावाखाली होणारे प्रत्येक लेखन नुकसान वाढवू शकते. म्हणून आधी ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची स्थिती पाहिली. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न येणारे व निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, हे दोन्ही शून्य होते. क्रमांक १९९ मात्र वाढलेला होता. हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील वाहतुकीत झालेल्या सीआरसी चुकांचा आकडा असतो. त्याचे बोट डिस्कच्या पृष्ठभागाकडे नसून प्रामुख्याने केबलकडे असते. अशी प्रत्येक चूक पकडली जाते आणि ती माहिती पुन्हा पाठवली जाते, त्यामुळे एकट्यादुकट्या चुकीने फाइल बिघडत नाही. पण जोडणी वारंवार तुटू लागली की कर्नल ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ असे म्हणत ती पुन्हा प्रस्थापित करू पाहतो, साटाचा वेग खाली आणतो, आणि त्या धडपडीत काही लेखने पूर्णच होत नाहीत. २६ तारखेच्या लॉगमध्ये या ओळी एकापाठोपाठ एक होत्या.

केबल बदलली, १९९ क्रमांकाचा आकडा दोन दिवस वाढत नाही याची खात्री केली, संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने घेतली आणि मगच पार्टिशन अनमाउंट करून ‘ई२एफएससीके’ चालवले. पहिल्या खेपेस ‘एन’ हा पर्याय दिला, म्हणजे ते फक्त काय चुकले आहे एवढे सांगते आणि काहीही लिहीत नाही. त्या यादीवरून नुकसान एकाच डिरेक्टरीपुरते आहे हे दिसले. दुसऱ्या खेपेत दुरुस्ती झाली, अकरा फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये क्रमांकांच्या नावाने जाऊन पडल्या, आणि त्या उघडून एकेक करून ओळखाव्या लागल्या. नऊ सातबारे सापडले. उरलेल्या दोन फाइलींत अर्धवट चित्रे होती. त्यांचे मूळ कागद घरात असल्यामुळे ते पुन्हा स्कॅन केले.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो. बूट होताना लिनक्स फाइल सिस्टम आपोआप तपासते, मग ही डिस्क इतके दिवस तपासली का गेली नाही? याचे उत्तर ‘एफएसटॅब’च्या, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे माउंट करायचे हे सांगणाऱ्या फाइलीच्या, सहाव्या म्हणजे शेवटच्या स्तंभात होते. तेथे शून्य असेल तर ‘सिस्टमडी’ (बूट आणि सेवा सांभाळणारी व्यवस्था) त्या पार्टिशनची तपासणी करतच नाही. मूळ पद्धतीप्रमाणे रूट पार्टिशनला १ आणि बाकीच्यांना २ लिहावे. मी २०२० मध्ये संगणकाची मूळ हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तेव्हा ‘एफएसटॅब’च्या ओळी हाताने लिहिल्या होत्या आणि बाह्य डिस्कच्या सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शून्ये ठेवली होती. आता माहितीच्या डिस्कला २ दिले आहे, सोबत ‘नोफेल’ हा पर्यायही जोडला आहे, कारण तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही, तर ‘सिस्टमडी’ दीड मिनिट वाट पाहून संपूर्ण बूटच आणीबाणीच्या अवस्थेत नेऊन सोडते. त्याच वेळी ‘ट्यून२एफएस’ या फाइल सिस्टमची मांडणी बदलणाऱ्या साधनाने चूक सापडताच डिस्क केवळ वाचनासाठी पुन्हा माउंट व्हावी अशी व्यवस्था केली. ‘एमकेई२एफएस’ या फाइल सिस्टम बनवणाऱ्या साधनाच्या मूळ मांडणीत चूक सापडली तरी काम पुढे चालू ठेवावे असे असते. माझ्या मते कागदपत्रांच्या डिस्कसाठी ते योग्य नाही.

एवढे झाल्यावर पहिल्या ओळीकडे वळलो. ईएफआय पार्टिशनचा इशारा त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून येत होता. ‘व्हॉल्यूम नीट अनमाउंट झाला नव्हता’ हे वाक्य वाचणाऱ्याला साहजिकच वाटते की आदल्या रात्री संगणक नीट बंद झाला नसावा. मीही काही दिवस संगणक अगदी काळजीपूर्वक बंद करून पाहिला, बंद होताना प्रत्येक पार्टिशन अनमाउंट झाल्याच्या नोंदी लॉगमध्ये वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओळ पुन्हा पाहिली.

याचा उलगडा कर्नलच्या फॅट ड्रायव्हरच्या वागण्यात आहे. फॅट३२ पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये, शून्यापासून मोजल्यास ६५व्या बाइटमध्ये, सर्वांत खालचा बिट ‘डर्टी’ खुणेसाठी राखलेला आहे. २०१३ सालापासून लिनक्स कर्नल लेखनासाठी माउंट करताना हा बिट १ करतो आणि अनमाउंट करताना पुन्हा शून्य करतो. मधल्या काळात वीज गेली तर तो १ राहतो आणि पुढच्या वेळी माउंट करताना कर्नलला कळते की मागचे काम अर्धवट राहिले होते. येथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणेच आहे. पण माउंट करतानाच हा बिट १ असेल, तर कर्नल इशारा छापतो आणि त्यानंतर त्या बिटला हातच लावत नाही, अनमाउंट अगदी व्यवस्थित झाले तरीही. म्हणजे जूनमध्ये एकदा वीज गेली आणि त्यानंतर पाच महिने संगणक रोज नीट बंद झाला, तरी पाच महिने रोज तोच इशारा येणार.

सातबाऱ्यावरच्या बोजाचा अनुभव असलेल्यांना हे लगेच समजेल. सोसायटीचे कर्ज फेडून झाले, पावती हातात आली, तरी ‘इतर अधिकार’ या रकान्यातला बोजा आपोआप जात नाही. त्यासाठी बोजा कमी करण्याचा फेरफार व्हावा लागतो. कर्ज फेडणाऱ्याला स्वतः ती नोंद खोडता येत नाही आणि तसे असणेच बरोबर आहे. कर्नललाही मागच्या वेळी नेमके काय अर्धवट राहिले हे माहीत नसते, त्यामुळे पार्टिशन शुद्ध आहे असे जाहीर करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतलेला नाही. तो अधिकार तपासणी करणाऱ्या साधनाचा, म्हणजे ‘डॉसएफएसटूल्स’ या पॅकेजातील ‘एफएससीके.फॅट’चा आहे.

हे साधन चालवताना मी एक चूक केली, ज्यात माझी एक संध्याकाळ गेली. पार्टिशन माउंट असतानाच मी ते वाचन-पर्यायासह चालवले. त्याने सांगितले की मूळ बूट सेक्टर आणि त्याची राखीव प्रत यांत फरक आहे, आणि फरक दाखवला तो ‘६५:०१/००’ असा. हा फरक वाचून बूट सेक्टरच बिघडला आहे अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात ६५ म्हणजे तोच बाइट, ०१ म्हणजे मूळ सेक्टरमधली डर्टी खूण, आणि ०० म्हणजे राखीव प्रतीतली स्वच्छ स्थिती. माउंट असलेल्या पार्टिशनवर हा फरक दिसणारच, कारण माउंट करतानाच कर्नलने ती खूण केलेली असते. त्यामुळे माउंट असताना केलेल्या तपासणीवरून या खुणेबद्दल काहीही निष्कर्ष काढता येत नाही. मूळ सेक्टर राखीव प्रतीवर उतरवण्याचा पर्यायही ते साधन देते. तो निवडला तर राखीव प्रतीतही डर्टी खूण जाऊन बसते, म्हणून तो घेऊ नये.

पार्टिशन अनमाउंट केले, तपासणी पुन्हा चालवली, ‘डर्टी बिट काढा’ हा पहिला पर्याय निवडला आणि बदल लिहिण्यास होकार दिला. अर्ध्या मिनिटाचे काम होते. पुढच्या बूटला ओळ गेली. पण मला एवढ्यावर थांबायचे नव्हते, कारण पुन्हा वीज गेली की ती परत येणार होती आणि ती आपोआप दूर व्हावी अशी सोय लिनक्समध्ये असताना माझ्या यंत्रावर ती का चालत नव्हती हे पाहायचे होते. येथेही ‘एफएसटॅब’च्या सहाव्या स्तंभात शून्य होते. ते २ केले. दुसऱ्या दिवशी ‘जर्नलसीटीएल’ने दाखवलेल्या लॉगमध्ये नवी ओळ दिसली: ‘एफएससीके.व्हीफॅट’ (‘एफएससीके.फॅट’चेच दुसरे नाव) अस्तित्वात नाही, म्हणून तपासणी केली नाही. २०२० मध्ये हे पार्टिशन मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) बनवले होते, त्यामुळे ‘डॉसएफएसटूल्स’ मूळ यंत्रावर कधी बसवलेच नव्हते, आणि दुरुस्तीही त्याच पेनड्राइव्हवरून केली होती. पॅकेज बसवल्यावर साखळी पूर्ण झाली. आता खूण राहिली तर बूट होताना तपासणी आधी होते, ती खूण पुसते, आणि मग पार्टिशन माउंट होते.

काही ठिकाणी असा सल्ला दिला जातो की ईएफआय पार्टिशन केवळ वाचनासाठी माउंट करावे, म्हणजे इशारा येत नाही. ते खरे आहे, कारण वाचनासाठी माउंट करताना कर्नल खूण करण्याच्या आणि इशारा देण्याच्या भानगडीतच पडत नाही. पण जुनी खूण तेथेच राहते आणि ती दिसायची तेवढी बंद होते. तसेच कर्नलला ‘क्वाएट’ पर्याय देऊन किंवा लॉगची पातळी खाली आणून पडदा स्वच्छ ठेवण्याचा सल्ला मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. माझ्या बाबतीत त्याच पडद्यावर, त्याच रंगात, आजोबांच्या कागदांचा इशाराही येत होता.

खूण मुळात का पडत होती, याचे उत्तर शोधायला ‘लास्ट’ ही आज्ञा आणि मागच्या बूटांचे लॉग उपयोगी पडले. नीट बंद झालेल्या बूटच्या शेवटी सेवा थांबल्याच्या, पार्टिशने अनमाउंट झाल्याच्या नोंदी असतात. जून ते सप्टेंबर या काळातल्या सात बूटांचे लॉग मात्र एखाद्या साध्या ओळीवर मध्येच तुटलेले होते, ‘लास्ट’च्या यादीत तेथे ‘क्रॅश’ असे लिहिले होते, आणि पुढच्या बूटच्या सुरुवातीला जर्नलने स्वतःचीच फाइल नीट बंद न झाल्यामुळे बदलून नवी घेतल्याची नोंद केली होती. आमच्याकडे लातूरला पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन परत येणे नेहमीचे आहे. पण घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे संगणक बंद पडायला नको होता.

वायरिंगचे काम करणाऱ्या ओळखीच्या काकांना बोलावले. ते गेली वीस वर्षे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे काम करतात.

“काका, पंखे चालू राहतात, दिवे चालू राहतात, मग संगणकच का बंद पडतो?”

“पंख्याला काय, क्षणभर लाइट नसली तरी तो फिरतच राहतो. तुझ्या कॉम्प्युटरला तेवढंही खपत नाही,” ते म्हणाले, आणि इन्व्हर्टरच्या मागचे एक छोटे बटण दाखवले. “हे नॉर्मलवर आहे. यूपीएसवर कर. मग लवकर पलटी मारतो.”

नॉर्मल स्थितीत इन्व्हर्टर विजेच्या दाबातले बरेच चढउतार चालवून घेतो आणि बॅटरीवर यायला जास्त वेळ लावतो. यूपीएस स्थितीत तो लवकर बॅटरीवर येतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये साठलेली ऊर्जा काही मिलिसेकंदांपुरतीच पुरते, त्यामुळे हा फरक त्याच्यासाठी निर्णायक ठरतो. बटण बदलल्यानंतर आजवर एकही तुटलेला लॉग मिळालेला नाही. त्यावर आणखी एक उपाय म्हणून ईएफआय पार्टिशन गरजेपुरतेच माउंट व्हावे आणि एक मिनिट वापरात नसेल तर आपोआप अनमाउंट व्हावे अशी ‘सिस्टमडी’ची ऑटोमाउंट सोय ‘एफएसटॅब’मध्ये लिहिली आहे. ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) किंवा कर्नलचे अद्ययावतीकरण सोडले तर या पार्टिशनला दिवसभर कुणी हात लावत नाही. ते उघडे ठेवण्याचे कारणच नव्हते.

आता दुसरी ओळ. ही डेबियन ११वर गेल्यापासून येत होती आणि १०वर असताना कधीच आली नव्हती, त्यामुळे अद्ययावतीकरणाने काहीतरी बिघडवले असा माझा समज होता. डिस्कवर मात्र काहीच बदलले नव्हते. डेबियन १०चा कर्नल ४.१९ होता आणि ११चा ५.१०. या दोहोंच्या मध्ये, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ कर्नलने प्रत्येक फाइल सिस्टमला ती कोणत्या सालापर्यंतच्या तारखा साठवू शकते हे विचारायला सुरुवात केली. दीपा दिनमणी यांच्या पॅचेसमधून हे काम झाले. माउंट होणाऱ्या फाइल सिस्टमची मर्यादा आजपासून ३० वर्षांच्या आत येत असेल तर कर्नल हा इशारा देतो.

मर्यादा २०३८ची का, हे बहुतेकांना ठाऊक असते. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत साठवले तर ती संख्या २,१४,७४,८३,६४७ला भरते. ती वेळ म्हणजे १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद, मंगळवार. पण ईएक्सटी४ला तर २४४६ सालापर्यंतच्या तारखा साठवता येतात असे सर्वत्र लिहिलेले असते, मग माझ्या बूट पार्टिशनलाच ही मर्यादा का? कारण आयनोडच्या, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या, आकारात आहे. २५६ बाइटांच्या आयनोडमध्ये प्रत्येक वेळेसाठी जादा ३२ बिटांची जागा असते. त्यांतले ३० बिट नॅनोसेकंदांना जातात आणि उरलेले दोन बिट सेकंदांच्या संख्येला जोडून ती ३४ बिटांची करतात. १२८ बाइटांच्या जुन्या आकाराच्या आयनोडमध्ये या जादा जागेला वावच नाही.

आणि ५१२ एमबीपेक्षा लहान फाइल सिस्टमला ‘एमकेई२एफएस’ अनेक वर्षे १२८ बाइटांचेच आयनोड देत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ‘ई२एफएसप्रॉग्ज’ (या साधनांचे पॅकेज) १.४६.४पासून लहान पार्टिशनलाही २५६ बाइट मिळू लागले. माझे २५६ एमबीचे बूट पार्टिशन त्याच्या आधीचे. या बदलाला थोडी किंमत आहे. इतक्या लहान फाइल सिस्टममध्ये दर ४०९६ बाइटांमागे एक आयनोड धरला जातो, म्हणजे २५६ एमबीत ६५,५३६ आयनोड. १२८ बाइटांप्रमाणे ते ८ एमबी व्यापतात आणि २५६प्रमाणे १६ एमबी. कर्नल आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइल सिस्टम) यांच्या प्रती जिथे दाटीवाटीने बसतात तिथे ८ एमबी अगदीच क्षुल्लक नाहीत, तरी माझ्याकडे तेवढी जागा शिल्लक होती.

‘ट्यून२एफएस’मध्ये आयनोडचा आकार बदलण्याचा पर्याय आहे, म्हणून तो आधी करून पाहिला. ‘फ्लेक्स-बीजी’ हे वैशिष्ट्य चालू असलेल्या फाइल सिस्टमवर तो चालत नाही, आणि ईएक्सटी४मध्ये ते सहसा चालूच असते. त्यामुळे पार्टिशन नव्याने बनवणे एवढाच मार्ग उरला. बूटची सर्व सामग्री मालकी आणि परवानग्यांसह रूटवरच्या एका डिरेक्टरीत उतरवली, लाइव्ह पेनड्राइव्ह चालतो आहे हे आधी तपासले, ईएफआय आणि मग बूट अनमाउंट केले आणि ‘एमकेएफएस’ चालवले. त्याला २५६ बाइटांचा आकार सांगताना जुना यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांकदेखील सोबत दिला. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बरेच श्रम वाचतात, कारण ‘एफएसटॅब’ आणि ग्रब दोघेही पार्टिशन याच क्रमांकाने शोधतात आणि त्यांतली एकही ओळ बदलावी लागत नाही. दुसरी काळजी वैशिष्ट्यांची घेतली. ‘ई२एफएसप्रॉग्ज’ १.४७.०ने फेब्रुवारी २०२३ मध्ये काही नवी वैशिष्ट्ये मूळ मांडणीत आणली, आणि त्यांतले ‘मेटाडेटा-सीसम-सीड’ जुन्या ग्रबला वाचता येत नाही. बूट पार्टिशन ग्रबलाच वाचायचे असल्यामुळे, बनवण्याआधी जुन्या पार्टिशनची वैशिष्ट्ये ‘ट्यून२एफएस’ने लिहून घेतली आणि नव्यात तेवढीच ठेवली. सामग्री परत आणली, खबरदारी म्हणून ग्रब पुन्हा बसवले, आणि ती ओळ तीन वर्षांनी गेली.

या प्रसंगात एक गोष्ट मला मनापासून आवडली. सर्वांत जुनी आणि साधी मानली जाणारी फॅट या २०३८च्या इशाऱ्यात येत नाही. ती १९८०पासूनची वर्षे सात बिटांत मोजते आणि त्यामुळे २१०७ सालापर्यंत पोहोचते. सेकंद मात्र ती दोन-दोनच्या टप्प्याने साठवते.

हे सर्व करताना ‘एफएसटॅब’ बदलल्यानंतर प्रत्येक वेळी ‘माउंट’ आज्ञेने सूचना दिली की फाइल बदलली आहे पण ‘सिस्टमडी’ अजून जुनीच मांडणी वापरत आहे. ही बिघाडाची खूण नव्हे. ‘सिस्टमसीटीएल’ला ‘डेमन-रीलोड’ सांगितले की ती जाते.

आता बूटच्या लॉगमध्ये माउंटबद्दल एकही इशारा नाही. मात्र महिन्यातून एकदा प्रती घेण्यासाठी बाह्य डिस्क जोडली की २०३८ची ओळ अजूनही येते. त्या डिस्कवर एक्सएफएस ही वेगळी फाइल सिस्टम आहे, ती डेबियन ११वर बनवली होती आणि त्या वेळी ‘बिगटाइम’ हे वैशिष्ट्य मूळ मांडणीत नव्हते. ‘एक्सएफएस-अ‍ॅडमिन’ने ते चालू केले तर मर्यादा २४८६ सालापर्यंत जाते, आणि नव्याने बनवण्याची गरजही नाही. पण एकदा चालू केले की ५.१०पेक्षा जुना कर्नल ती डिस्क माउंट करायला नकार देतो. धाकट्या बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर अजून डेबियन १० आहे आणि माझा संगणक बंद पडला तर त्या कागदांपर्यंत पोहोचण्याचा तोच दुसरा रस्ता आहे. तिचा लॅपटॉप बदलेपर्यंत ही ओळ मी तशीच ठेवली आहे, आणि का ठेवली आहे हे डिस्कच्या खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहिले आहे.